दहा मिनिटांत न होणारा कांदा

मंद आचेवर मऊ, तपकिरी केलेला कांदा कॅफेच्या मेन्यूत हल्ली कुठेही भेटतो. बर्गरमध्ये, पिझ्झावर, सँडविचात, अगदी डोशातसुद्धा. नावापुढे 'कॅरमलाइज्ड ओनियन' लागलं की त्याच सँडविचची किंमत चढते. मग सुटीच्या दिवशी वाटतं, कांदाच तर आहे, घरी करू. मोबाइलवर व्हिडिओ लावावा तर त्यात सांगतात, कांदा मध्यम आचेवर दहा मिनिटं परता, मस्त तपकिरी होतो. दहा मिनिटांनी आपल्या कढईत असतो पांढरट, लुळा पडलेला, स्वतःच्याच पाण्यात बसलेला कांदा. वैतागून आच वाढवली की पाच मिनिटांत कडा काळ्या पडतात, आतला कांदा तसाच राहतो आणि घरभर करपल्याचा वास सुटतो.

यात करणाऱ्याचा दोष नाही. सांगितलेली वेळच खोटी असते. व्हिडिओत मधली चाळीस मिनिटं कापून टाकता येतात, कढईत येत नाहीत. ही तक्रार जगभरची आहे. अमेरिकेत टॉम स्कोका या पत्रकाराने २०१२ साली 'स्लेट' या ऑनलाइन मासिकात एक लेखच लिहिला की पाककृती लिहिणारे या कांद्याच्या वेळेबाबत सरळसरळ थापा मारतात. पुढची गंमत अशी की २०१७च्या सुमारास गूगलवर 'कांदा कॅरमलाइज व्हायला किती वेळ लागतो' असं विचारलं की सर्वांत वर चौकटीत असाच काही मिनिटांचा, घाईचा आकडा यायचा, आणि खाली आधार म्हणून याच लेखाचं नाव! ज्या थापा खोडून काढायला त्याने त्या लेखात दिल्या होत्या, यंत्राने नेमक्या त्याच उचलल्या.

खरी वेळ अर्ध्या किलोला पाऊण तासाच्या जरा आत आणि एक किलोला साधारण तासभर. एवढा वेळ का लागतो हे एकदा कळलं की कोणती युक्ती खरी आणि कोणती नुसती हवा, हे आपलं आपल्याला ओळखता येतं.

एक किलो कांद्यात असतं काय?

मुख्यतः पाणी. रोजच्या कांद्याच्या वजनात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं. एक किलो कांदा घरी आणला म्हणजे ८९० ग्रॅम पाणी आणलं. उरलेल्या ११० ग्रॅममध्ये चाळीसेक ग्रॅम साखर, दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं, बाकी तंतू आणि फ्रुक्टान नावाचा पदार्थ. फ्रुक्टान म्हणजे फळांतल्या साखरेचे कण एकापुढे एक जोडून झालेल्या छोट्या साखळ्या. कांदा आपली शिदोरी याच रूपात साठवतो.

आपल्याला चव हवी आहे ती त्या ११० ग्रॅमची. मधे उभं आहे ते पाणी.

खवा कसा होतो ते आठवा. दूध तासभर ढवळत बसायचं, बहुतेक सगळा वेळ नुसतं आटवण्यात जातो, आणि रंग बदलतो तो शेवटी, पाणी संपत आल्यावर, तोही भराभर. कांद्याचं गणित अगदी हेच आहे. दूध दहा मिनिटांत आटून खवा होईल असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, कारण ते दूध आटताना आपण पाहिलेलं असतं. कांद्यातलं पाणी दिसत नाही, म्हणून कांद्याबाबत आपण फसतो.

वेळ नेमका जातो कुठे?

थोडा हिशेब करू. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला आणायला सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवायचं तर वर आणखी सुमारे २,२५० किलोज्यूल. किलोज्यूल हे उष्णतेचं माप. ते विसरलात तरी चालेल, पण 'उकळण्याच्या सातपट आटवण्याला' हे लक्षात असू द्या.

एक किलो कांदा नीट झाला की कढईत तीनशे ग्रॅमच्या आत-बाहेर उरतो. म्हणजे सातशे ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. सगळा कांदा तापवायचा आणि एवढं पाणी उडवायचं तर अंदाजे १,९०० किलोज्यूल लागतात. घरच्या गॅसच्या मध्यमपेक्षा थोड्या मंद आचेवर कढईला सेकंदाला पाऊण किलोज्यूल मिळतो असं धरा. भागाकार केला की बेचाळीस मिनिटं येतात. तीही फक्त पाणी जायला. शेवटी रंग चढायला आणखी दहा-पंधरा मिनिटं.

'मग आच मोठी करून निम्म्या वेळात का नाही उरकायचं?' हा प्रश्न लगेच येतो. सुरुवातीची दहा मिनिटं खुशाल करा, काही बिघडत नाही, कारण पाणी भरपूर असेपर्यंत कांदा १०० अंशांच्या वर तापूच शकत नाही. अडचण नंतर सुरू होते. उष्णता फक्त बुडातून येते. खालचा थर कोरडा होऊन दीडशे-पावणेदोनशे अंशांपर्यंत पोहोचतो आणि त्याच वेळी वरचा ढीग ओला असतो. मोठ्या आचेवर खालचा थर करपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वरचं पाणी उडत नाही. म्हणून मंद आच. यात परंपरेचा किंवा प्रेमाने रांधण्याचा काही संबंध नाही, खालून तापणाऱ्या भांड्याची ती मर्यादा आहे.

याच कारणाने पसरट भांडं हवं. निमुळत्या, खोल कढईत कांद्याचा डोंगर होतो आणि वाफ त्यातच कोंडते. जाड बुडाचं पसरट पॅन किंवा मोठी लंगडी असेल तर पंधरा मिनिटं सहज वाचतात. पातळ स्टीलचं पातेलं मात्र नको. ते एका जागी तापतं आणि तिथेच लागतं.

रंग आणि गोडी येते कुठून?

दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडतात. एक म्हणजे साखर तापून तिचं कॅरमल होणं, जे आपण कॅरमल कस्टर्ड करताना पाहतो. फळांतली साखर ११० अंशांच्या आसपास त्या वाटेला लागते, आपली नेहमीची साखर १६०च्या पुढे. दुसरी म्हणजे मायार अभिक्रिया: साखर आणि प्रथिनांमधले घटक उष्णतेने एकमेकांशी जुळून तपकिरी रंग आणि शेकडो नवे वास तयार करतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली हिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव. भाकरीवरचे डाग, भाजलेले दाणे, कॉफीच्या बिया, खव्याचा शेवटचा गुलाबीसर रंग, सगळीकडे हीच. कांद्याच्या तपकिरी रंगात मोठा वाटा मायारचा आहे, नाव मात्र कॅरमलला मिळालं.

ही अभिक्रिया १४० अंशांच्या आसपास जोर धरते. ओला कांदा शंभराला अडकलेला असतो, तिथे ती जवळजवळ रांगत चालते. म्हणून पहिली पंचवीस मिनिटं काहीच होत नसल्यासारखं वाटतं.

रंगाची सुरुवात होते कुठे, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. कांद्याचे काप अजून फिकटच असतात आणि उलथनं सरकवलं की कढईच्या बुडावर चहाच्या डागासारखा पातळ तपकिरी थर दिसतो. कांद्याचा रस बुडाला लागून तिथेच आटलेला असतो, म्हणून मायार तिथे आधी पोहोचते. त्या जागी चमचाभर पाणी टाकलं की 'चर्र' होतं, थर सुटतो, आणि तो तपकिरी रस फिकट कापांमध्ये शिरतो. दोन मिनिटांत पुन्हा थर धरतो. पुन्हा चमचाभर पाणी. तिसऱ्या-चौथ्या वेळेस सगळा कांदा बदामी झालेला असतो. कांद्याला रंग येतो तो निम्मा असा, उसना. नॉनस्टिकमध्ये हा थर नीट धरत नाही, म्हणून तिथे रंग उशिरा येतो.

गोडीचं काय? शिजवून कांद्यात साखर वाढत नाही असं म्हटलं तर फार चुकणार नाही. लांब वेळ शिजताना फ्रुक्टानच्या काही साखळ्या तुटत असतील तेवढीच भर. साखर होती तेवढीच राहते, पाणी जातं, त्यामुळे घासागणिक तिचं प्रमाण तिप्पट होतं. शिवाय तिला झाकणारा तिखटपणा उडून जातो.

तो तिखटपणा कांदा चिरताना तयार होतो, आधी नसतो. चिरला की पेशी फुटतात, वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले पदार्थ एकत्र येतात आणि गंधकाची झोंबरी संयुगं बनतात. डोळ्यांत पाणी आणणारा वायू बनवणारं स्वतंत्र विकर (एन्झाइम) जपानी संशोधकांनी शोधून २००२ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं, आणि त्याच कामाला २०१३चं 'इग नोबेल' मिळालं, म्हणजे आधी हसू आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. शिजताना विकर मरतं, झोंबरी संयुगं उडतात किंवा बदलतात. त्यांतून बनणारं एक संयुग तर चक्क मटणाच्या सुपासारखा वास देतं. शाकाहारी रस्सा नीट भाजलेल्या कांद्याने 'भरलेला' लागतो त्यामागे तेही आहे.

हा बिरिस्ताच ना?

नाही. बिरिस्त्यात कांदा भरपूर तेलात तळतात. चहूबाजूंनी तेल असल्याने प्रत्येक कापाचं पाणी झपाट्याने निघतं, काप कोरडा आणि कुरकुरीत होतो. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं कारण उष्णता सगळीकडून मिळते. इथला कांदा मऊ, ओलसर, जॅमसारखा राहतो. बिर्याणीवर हा घातलात तर भात गिचका होईल, आणि टोस्टवर बिरिस्ता घातलात तर तो तोंडात टोचेल. दोन्ही चांगले, जागा वेगळ्या.

कोकणी वाटपासाठी आपण कांदा-खोबरं भाजतो तो तिसराच प्रकार: मोठी आच, खरपूस कडा, किंचित कडवटपणा मुद्दाम ठेवलेला. इथे कडवटपणा नको आहे.

कांदा कोणता घ्यावा?

गोड कांदा घ्यावा असं वाटतं, म्हणून लोक पांढऱ्या कांद्यामागे जातात. अलिबागचा पांढरा कांदा माळेतून काढून कच्चा खाण्यात जी मजा आहे ती कढईत घालवू नका. सौम्य कांदा गोड लागतो तो मुख्यतः तिखटपणा कमी असल्याने, साखर जास्त असतेच असं नाही. तासभर शिजल्यावर तिखटपणा तसाही उरणार नाही. मग ज्यात पाणी कमी आणि ऐवज जास्त, तो कांदा फायद्याचा.

आपल्या बाजारात असा कांदा म्हणजे उन्हाळ कांदा. रब्बीत लावलेला, मार्चपासून निघणारा, कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर छपरात, भरून पावसाळाभर टिकणारा. लासलगावच्या बाजारात दिवाळीपर्यंत तोच मुख्य. त्यानंतर येणारा खरिपाचा लाल कांदा रसदार असतो, टिकत नाही आणि कढईत जास्त पाणी सोडतो. तो वापरायला हरकत नाही, दहा मिनिटं जास्त धरा. मोड आलेला किंवा मधे पिचलेला कांदा मात्र नको.

उभा चिरा, शेंड्याकडून मुळाकडे, तीन-चार मिलिमीटर जाड. कांद्याचे तंतू त्याच दिशेने जातात, त्यामुळे काप शेवटपर्यंत काप राहतात. आडव्या चकत्यांचा लगदा होतो.

सोडा, साखर, कुकर: कोणती युक्ती खरी?

खाण्याच्या सोड्याची युक्ती खरी आहे. मायार अभिक्रिया अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट, वातावरणात वेगाने होते, आणि सोडा ते वातावरण तयार करतो. एक किलोला पाव चहाचा चमचा घातला तर रंग लक्षणीय लवकर येतो. पण सोडा कांद्याच्या पेशींची भिंत धरून ठेवणारं पेक्टिनही विरघळवतो, त्यामुळे कापांचा गाळ होतो. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: जांभळट सालीच्या कांद्यात सोडा पडला की त्यातला जांभळा रंग निळसर-हिरवा होतो. काही मिनिटं कढईत शेवाळ शिजतंय असं दिसतं. नंतर तपकिरीत ते लपतं. डिपसाठी चालेल, टोस्टसाठी मी सोडा घालणार नाही.

साखर घालणं म्हणजे रंगाची फसवणूक. कॅरमल होतं ते वरून घातलेल्या साखरेचं, कांदा आत कच्चाच. लग्नाच्या पंगतीसाठी पन्नास किलो करायचा असेल तर समजू शकतो, घरच्या अर्ध्या किलोला काय गरज?

कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, कांदा झटकन मऊ होतो आणि थोडा रंगही धरतो. पण पाणी कोंडलेलंच राहतं. झाकण काढून ते आटवावं लागतंच, म्हणजे मुख्य काम शिल्लकच. मायक्रोवेव्हचंही तसंच: मऊ करायला उत्तम, रंगाला निरुपयोगी. एअर फ्रायरमध्ये सुट्या कडा आधी जळतात.

झाकण ही मला सगळ्यांत प्रामाणिक युक्ती वाटते. पहिली दहा मिनिटं झाकण ठेवा. वाफेने पेशी मोडतात, पाणी बाहेर येतं, काप एकसारखे बसतात. मग झाकण काढा आणि परत ठेवू नका. मीठही सुरुवातीलाच घाला, ते पाणी ओढून काढतं. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो काही घालायचं असेल तर सगळं झाल्यावर. आंबटपणाने कांदा लवकर मऊ होत नाही आणि मायारही मंदावते.

आळशी माणसाची कृती

एक किलो कांदा, तीन मोठे चमचे तेल, चहाचा एक चमचा मीठ. तेल तापलं की सगळा कांदा एकदम घाला, मीठ घालून हलवा, झाकण ठेवा. आच मध्यम. दहा मिनिटांनी झाकण काढलं की ढीग निम्म्यावर आलेला आणि खाली पाणी साचलेलं दिसेल. आता आच मध्यमपेक्षा कमी.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं कढईसमोर उभं राहायची काही गरज नाही. ओला कांदा करपत नाही, त्यामुळे चार-पाच मिनिटांनी एकदा खालचा वर केला की पुरे. पेपर वाचा, चहा टाका. कान मात्र तिकडे असू द्या: पाणी असेपर्यंत रटरट आवाज येतो, पाणी संपत आलं की तो बारीक चुरचुरीचा होतो. हा आवाज बदलला की उठायचं.

इथून पुढे लक्ष हवं. बुडाला थर धरू लागेल. चमचाभर पाणी, खरवडा, हलवा. गुलाबीचा सोनेरी, सोनेरीचा बदामी. बदामीपासून काळ्यापर्यंतचं अंतर मात्र फार कमी आहे. फोन आला तर गॅस बंद करून मगच घ्या. गूळ विरघळल्यासारखा रंग आला, काप चमकू लागले आणि उलथन्यावरून ओघळण्याऐवजी एकत्र पडू लागले की झाला.

चव बघून वाटलं तर शेवटी अर्धा चमचा व्हिनेगर किंवा लिंबू. गोडीला धार येते.

गॅस किती जळेल? तेल? साखर?

घरची शेगडी साठेक टक्के कार्यक्षम धरली, भांड्याच्या बाजूंनी वाया जाणारी उष्णता धरली, तर एक किलो कांद्याला ७० ते १०० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोचं सिलिंडर नऊशे रुपयांना धरलं तर पाच-सहा रुपये. अर्धा किलो केला तर अर्धे पैसे वाचतात पण उभं राहायचा वेळ फारसा वाचत नाही, म्हणून करायचाच तर किलोभर करा.

तेलाचं काम इथे तळण्याचं नाही, बुडाची उष्णता कापांपर्यंत नेण्याचं आहे. तीन चमच्यांच्या खाली गेलात तर काप बुडाला चिकटून फाटतात. वर गेलात तर फक्त तेल वर तरंगतं. तुपात छान होतो. लोण्यातले दुधाचे कण एवढा वेळ तग धरत नाहीत, ते शेवटी घाला.

मधुमेहींनी विचारावं असा प्रश्न: गोड लागतो, मग चालेल का? वरून साखर नाही, पण एक किलोतली चाळीसेक ग्रॅम साखर आता तीनशे ग्रॅममध्ये आहे. दोन मोठे चमचे खाल्ले तर पाच-सहा ग्रॅम. वाटीभर खाल्ला तर हिशेब बदलतो. आणि कांद्याने ज्यांचं पोट फुगतं त्यांना शिजवून फार फरक पडेल अशी आशा नको. पोट फुगवणारे फ्रुक्टान बरेचसे तसेच राहतात.

खायचा कशाशी?

सगळ्यांत कमी कष्टाचं आणि माझ्या मते सगळ्यांत चविष्ट: बेकरीतली खारी. खारी मधून उघडा, आत चमचाभर कांदा, वर किसलेलं चीज, तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दोन मिनिटं. खारीचे पापुद्रे कुरकुरीत, आत गोड-खारट गोळा. पाहुण्यांना पफ म्हणून द्या, कोणी विचारणार नाही.

लादीपावाचं टोस्ट त्याच जातीचं, पण त्यात कांद्याखाली ठेच्याचा पातळ हात हवाच. नुसत्या गोडीने दुसऱ्या घासाला कंटाळा येतो. मिरचीचा ठेचा, मिरपूड, लसणीची चटणी, काहीतरी झणझणीत हवं.

डिपसाठी वाटीभर चक्क्यात तीन-चार चमचे कांदा, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. अमेरिकेत १९५४च्या सुमारास कॅलिफोर्नियात सुक्या कांदा-सुपाची पुडी आंबट सायीत कालवून डिप करायची टूम निघाली आणि ती देशभर पसरली. आपल्याकडे चक्का मिळतो, पुडीची गरज नाही. तासभर मुरू द्या, मग उडदाचा पापड, भाजणीची कडबोळी, काहीही बुडवा. कडबोळ्यांबरोबर तर फारच जमतं.

फ्रान्सच्या दक्षिणेला नीस शहरात पिसालादिएर नावाचा प्रकार करतात: जाडसर पोळीवर मंद शिजवलेल्या कांद्याचा जाड थर, वर खारवलेली अँकोव्ही मासळी आणि काळे ऑलिव्ह. गोड कांदा आणि खारट मासळी ही जोडी आपल्या किनाऱ्याला परकी नाही. तांदळाच्या भाकरीवर हा कांदा पसरून वर तव्यावर कुरकुरीत भाजलेला सुका जवळा भुरभुरवून बघा. शाकाहारी असाल तर जवळ्याच्या जागी तळलेले खारे शेंगदाणे आणि थोडं सुकं खोबरं.

दोन ठिकाणी मात्र हा कांदा घालू नका. थालीपिठात कच्चा कांदाच हवा. त्याचं पाणी भाजणी भिजवतं आणि दाताखाली येणारा काप हीच त्याची मजा. फार तर लोण्याबरोबर वरून घ्या. आणि भजी. खेकडा भजीचं पीठ मिठाने सुटलेल्या कांद्याच्या पाण्यातच कालवतात. या कांद्यातलं पाणी आपण तासभर खपून घालवलेलं आहे, पीठ धरणार कशाला? कांदेनवमीला भजीच करायची असतील तर कच्चा कांदा घ्या आणि सरळ तेल तापवा.

उरलेला कसा ठेवायचा?

हा भाग हसण्यावारी नेऊ नका. ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया शहरात एका हॉटेलातल्या सँडविचमुळे २८ जण बॉटुलिझमने आजारी पडले. हा मज्जातंतूंवर परिणाम करणारा गंभीर विषबाधेचा प्रकार आहे. तपासात कारण निघालं परतलेला कांदा: भरपूर वितळलेल्या मार्जरीनमध्ये बुडालेला आणि नुसता कोमट ठेवलेला. कांदा मातीतला, त्यावर जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते साध्या शिजवण्याने मरत नाहीत. वर तेलाचा थर असला की हवा लागत नाही, आणि कोमट, बिनहवेच्या, आंबट नसलेल्या जागी ते जागे होऊन विष तयार करतात.

म्हणजे आपण काय करायचं, तर कांदा गॅसवर झाकून संध्याकाळपर्यंत सोडायचा नाही. बरणीत भरून वर तेल ओतून लोणच्यासारखा बाहेर तर अजिबात ठेवायचा नाही. लोणच्याला आंबट आणि मीठ वाचवतं, इथे दोन्ही कमी आहेत. गॅस बंद केल्यापासून तासा-दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत संपवा.

जास्त टिकवायचा तर फ्रीझर. बर्फाच्या ट्रेत चमचा-चमचा भरा, गोठल्यावर वड्या काढून पिशवीत टाका, दोन-तीन महिने चांगल्या राहतात. आमटीत, ऑम्लेटमध्ये, पावभाजीत एक वडी पुरते. ट्रे मात्र याच कामाला वेगळा ठेवा, कितीही घासला तरी पुढच्या सरबताला कांद्याचा वास येतोच.